कोळशाच्या टनामागे एक पेनी

१३ ऑक्टोबर १९९२ रोजी ब्रिटनचे व्यापारमंत्री मायकेल हेसेल्टाइन यांनी जाहीर केलं, की देशात उरलेल्या ५० सरकारी कोळसाखाणींपैकी ३१ बंद होतील. सुमारे ३०,००० नोकऱ्या जाणार होत्या. दक्षिण यॉर्कशरमध्ये बार्न्सली शहराजवळ ग्राइमथॉर्प नावाचं गाव आहे. तिथली खाण त्या यादीत होती. त्याच महिन्यात त्याच खाणीच्या बँडनं लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय ब्रास बँड स्पर्धा जिंकली. वादक करंडक घेऊन गावी परतले तेव्हा खाणीचा निकाल लागून चुकला होता. पुढच्या मे महिन्यात खाणीला टाळं लागलं.

मार्क हर्मन यांचा ‘ब्रास्ड ऑफ’ हा १९९६ सालचा चित्रपट या घटनेतून उभा राहिला. पडद्यावर गावाचं नाव ग्रिमली झालं, पात्रं कल्पित झाली, पण कॅमेरा ग्राइमथॉर्पच्याच गल्ल्यांतून फिरला. त्यात ऐकू येणारं बँडचं वादनही ग्राइमथॉर्प कोलियरी बँडचंच आहे. फ्रान्समध्ये या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट परदेशी चित्रपटाचा सेझार पुरस्कार मिळाला. आता जवळपास तीस वर्षांनी तो ‘मनाला उभारी देणाऱ्या’ चित्रपटांच्या रांगेत जाऊन बसला आहे. खाण जाते पण बँड जिंकतो, संगीत माणसांना तारून नेतं, असा त्याचा सारांश सांगितला जातो. हा सारांश चुकीचा आहे, आणि तो चुकीचा आहे हे चित्रपटाचा नायकच शेवटी व्यासपीठावर उभा राहून सांगतो.

हा नायक म्हणजे डॅनी. बँडमास्टर. पीट पोस्टलथ्वेट यांनी ही भूमिका अशी केली आहे, की एकही ओळ न बोलता त्याच्या खांद्यांच्या ताठरपणातून त्याचं सगळं आयुष्य कळतं. खाण बंद होणार की नाही यावर गावात मतदान चाललेलं असताना हा माणूस तालमीची वेळ चुकवत नाही. नोकरी, युनियन, कर्ज हे सगळं दाराबाहेर. आत आल्यावर फक्त सूर. कोळशाच्या धुळीनं त्याची फुफ्फुसं निकामी होत चालली आहेत आणि खोकल्यानंतर रुमालावर काळं उमटतं, तरी त्याचं लक्ष राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीवर. सुरुवातीला त्याचा हट्ट आदर्शवत वाटतो. मग हळूहळू जाणवतं, की हा हट्ट त्याच्या मुलाच्या जिवावर उठला आहे.

मुलगा फिल ट्रॉम्बोन वाजवतो. १९८४-८५ च्या संपात त्याला तुरुंगवास झाला आणि घराची आर्थिक घडी विस्कटली ती विस्कटलीच. तो संप मार्च १९८४ मध्ये सुरू झाला आणि वर्षभरानं, काहीही पदरात न पडता, संपला. आर्थर स्कारगिल यांची युनियन एका बाजूला आणि मार्गारेट थॅचर यांचं सरकार दुसऱ्या बाजूला. संपाच्या दिवसांत पगार नव्हता. कामावर परतल्यावर पगार आला, पण तोवर साचलेलं देणं फिटलं नाही. चित्रपटाची कथा त्यानंतर दहा वर्षांनी घडते, आणि फिल अजून त्या वर्षाचं व्याज भरतो आहे. सावकाराची माणसं घरातलं सामान उचलून नेतात, बायको मुलांना घेऊन निघून जाते. वरकड कमाईसाठी फिल मुलांच्या पार्ट्यांत विदूषक होतो, आणि शेवटी त्याच विदूषकाच्या कपड्यांत गळफास घ्यायचा प्रयत्न करतो. संप हरल्यानंतर कामगाराच्या घरात काय होतं, हे इतक्या थोड्या प्रसंगांत फार कमी चित्रपटांनी दाखवलं आहे.

चित्रपटाचा खरा सांधा मात्र ग्लोरिया या पात्रात आहे. ती ब्रिटिश कोल या सरकारी कोळसा कंपनीची कर्मचारी. खाण परवडते का, याचा अहवाल लिहायला ती आपल्या आजोबांच्या गावी आली आहे आणि आजोबांचं फ्लुगेलहॉर्न घेऊन बँडमध्ये वाजवू लागते. तिची आकडेमोड सांगते, की खाण चालू शकते. अहवाल घेऊन ती वरिष्ठाकडे जाते तेव्हा तिला कळतं, की बंदचा निर्णय दोन वर्षांपूर्वीच झालेला आहे. अहवाल कुणी वाचणारच नव्हतं. तो मागवला होता एवढं दाखवण्यापुरता त्याचा उपयोग. तिची आणि बँडमधल्या अँडीची प्रेमकथा चित्रपटातला सगळ्यात पातळ भाग आहे, ती काढून टाकली असती तरी फारसं बिघडलं नसतं. पण या अहवालाच्या प्रसंगानं चित्रपट भावनेच्या पातळीवरून धोरणाच्या पातळीवर जातो. हिशेब मांडला गेला नाही, अशी कामगारांची तक्रार नाहीच. हिशेब मांडला गेला आणि बाजूला ठेवला गेला.

दरम्यान मतदान होतं. कामगार चारास एक या प्रमाणात खाण सोडून पैसे घेण्याच्या बाजूनं कौल देतात. यात त्यांचा भ्याडपणा शोधणाऱ्यांनी फिलचं घर आठवावं. खाणीच्या फाटकाबाहेर बायका तंबू टाकून बसलेल्या असतात. १९९२-९३ मध्ये ग्राइमथॉर्पसह अनेक खाणींबाहेर बायकांनी अशा छावण्या खरोखरच केल्या होत्या. चित्रपटात त्यांच्या डोळ्यांदेखत नवरे पैसे निवडतात, कारण घरात हप्ता थकलेला असतो.

आणि मग आल्बर्ट हॉल. बँड जिंकतो. हॉस्पिटलातून उठून आलेला डॅनी करंडक घ्यायला पुढे होतो आणि नाकारतो. आपल्याला आयुष्यभर संगीत सगळ्यात मोठं वाटत आलं, पण माणसांपुढे ते काहीच नाही, असं तो सांगतो. सील किंवा देवमासे मरत असते तर देश पेटून उठला असता, इथे साधी माणसं मरताहेत म्हणून कुणी बोलत नाही, असा त्याचा रोख आहे. लीड्सच्या चंबावंबा या गटाच्या ‘टबथंपिंग’ या जगभर गाजलेल्या गाण्याची अल्बममधली आवृत्ती डॅनीच्या याच भाषणाच्या तुकड्यानं सुरू होते. चित्रपटात भाषणानंतर बँड उघड्या बसवरून पार्लमेंटसमोरून जातो, एल्गारची देशाभिमानाची धून वाजवत. ज्या देशानं आपल्याला मोडीत काढलं त्या देशाचं गुणगान ही माणसं अप्रतिम सुरात करत असतात, आणि पडद्यावर मजकूर येतो: १९८४ पासून १४० खाणी बंद, जवळपास अडीच लाख नोकऱ्या गेल्या. याला उभारी म्हणणं ऐकणाऱ्याच्या सोयीचं आहे.

डॅनी जे बोलतो त्याच्या मागे शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. उत्तर इंग्लंडातले ब्रास बँड एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वाढले, कारण झडपांची पितळी वाद्यं तेव्हा कारखान्यात तयार होऊ लागली आणि कामगारांना परवडू लागली. गिरणीमालकांनी बँड काढले, १८५५ चा ब्लॅक डाइक मिल्स बँड त्यातला सगळ्यात नामांकित. खाणींनीही काढले. ग्राइमथॉर्पचा बँड १९१७ चा. या बँडची रचनाच कामगारांच्या सोयीची आहे. कॉर्नेट, टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्यूबा या सगळ्यांसाठी स्वरलिपी एकाच पद्धतीनं लिहिली जाते आणि बोटांची ठेवणही तीच. कुणी पाळीवर अडकला, आजारी पडला, तर दुसरा त्याचं वाद्य उचलू शकतो. एकच गुरुजी सगळ्या पोरांना एकत्र शिकवू शकतात. तीन झडपा दाबायला दिवसभर फावडं धरलेली बोटंही चालतात. अशा बँडसाठी हॅरिसन बर्टविसल यांच्यासारख्या आधुनिक संगीतकारानं १९७३ मध्ये ‘ग्राइमथॉर्प आरिया’ लिहिली, म्हणजे दर्जाबद्दल वेगळं सांगायला नको.

पैसा कुठून येत होता? १९२० च्या खाण कायद्यानं प्रत्येक टन कोळशामागे एक पेनी मालकांकडून वसूल करून कामगार कल्याण निधी उभा केला. त्यातून न्हाणीघरं झाली, सभागृहं झाली, मैदानं झाली. कामगार आपल्या पगारातून आठवड्याची वर्गणी देत. बँडचा गणवेश, वाद्यं, तालमीची खोली हे सारं या दोन झऱ्यांवर चाले. कोळसा वर आला तर पेनी येणार, पगार झाला तर वर्गणी येणार. खाण बंद झाली की दोन्ही एकाच दिवशी आटतात. डॅनीला शेवटी हेच उमगलेलं असतं. ज्या तालमीच्या खोलीत तो जगाला दाराबाहेर ठेवत होता, त्या खोलीचं भाडं बाहेरचं जग भरत होतं.

ग्राइमथॉर्पचा बँड मात्र टिकला. प्रायोजक मिळाले, चित्रपटानं नाव दिलं, जगभर दौरे झाले. आज त्यात खाणकामगार नाहीत. वेगवेगळ्या व्यवसायांतले उत्तम वादक ठिकठिकाणांहून येऊन वाजवतात. गावाचं तसं झालं नाही. १९९४ मध्ये युरोपीय संघाच्या पाहणीत ग्राइमथॉर्पची गणना ब्रिटनमधल्या सगळ्यात गरीब गावांत झाली. बँड वाचला म्हणून गाव वाचलं असं समजणारे इथे अडखळतात.

खाणी बंद करण्यावरच्या या टीकेला एक उत्तर नेहमी दिलं जातं आणि ते ऐकून घेतलं पाहिजे. कोळसा जाणारच होता. हवामानाच्या दृष्टीनं तो जायलाच हवा होता. ब्रिटनची शेवटची खोल कोळसाखाण, यॉर्कशरची केलिंग्ली, डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली आणि शेवटचं कोळशावरचं वीजकेंद्र रॅटक्लिफ-ऑन-सोर ३० सप्टेंबर २०२४ ला. हे खरं आहे. पण १९९२ चा निर्णय हवामानाच्या काळजीनं झाला नव्हता. आयात कोळसा आणि नैसर्गिक वायू स्वस्त पडत होते, वीज क्षेत्राचं खाजगीकरण झालं होतं. शिवाय प्रश्न खाण बंद करावी की नाही एवढाच नसतो. जर्मनीनं दगडी कोळशाचं अनुदान २०१८ मध्ये थांबवायचं हे २००७ मध्येच सरकार, कंपनी आणि युनियन यांनी मिळून ठरवलं. अकरा वर्षं हातात होती. सक्तीनं कुणाला घरी पाठवायचं नाही, हे तत्त्व पाळलं गेलं. २१ डिसेंबर २०१८ ला बोट्रॉपच्या प्रोस्पर-हानिएल खाणीतून निघालेला कोळशाचा शेवटचा तुकडा कामगारांनी राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हाती दिला. रूर खोऱ्यातली बेकारी यानं मिटली नाही, आणि या पद्धतीला पैसा प्रचंड लागला. तरीही माणसांना तयारीचा वेळ मिळाला आणि निरोप घेता आला. ग्राइमथॉर्पच्या वाट्याला घोषणेनंतर जेमतेम सात महिने आले.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. ब्रिटनच्या खाणीतला संप सुरू झाला तेव्हा इथे गिरणगाव आधीच उद्ध्वस्त होत होतं. इथेही पगारातून कापलेल्या पैशावर एक सांस्कृतिक जग उभं होतं. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याखाली कामगार, मालक आणि सरकार तिघांकडून वर्गणी गोळा होऊ लागली आणि त्यातून ललित कला भवनं, वाचनालयं, कामगार नाट्यस्पर्धा चालल्या. त्याच्या जोडीला गावकीच्या खोल्या, भजनी मंडळं, खानावळी. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात हे जग मोडल्यावर घराच्या चार भिंतींत काय उरतं ते दिसलं. गिरण्या गेल्यावर वाद कशावर झाला? जमिनीवर. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते, २००१ च्या दुरुस्तीनं शहराचा आणि घरांचा वाटा आक्रसला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती उचलून धरली. चौरस फुटांचा हिशेब सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भजनी मंडळांचा हिशेब कुणी मांडलाच नाही, त्यामुळे काय गेलं याची आज नीट यादीही उपलब्ध नाही.

महाराष्ट्रात ही वेळ पुन्हा येणार आहे, विदर्भात. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांतल्या वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीच्या खाणींना आयुष्याची मर्यादा आहे. केंद्रीय कोळसा मंत्रालयानं २००९ मध्येच प्रत्येक खाणीसाठी बंद करण्याचा आराखडा सक्तीचा केला आणि त्यासाठी एस्क्रो या राखीव खात्यात पैसे ठेवायला लावले. ही चांगली तरतूद आहे, पण तिचा मुख्य भर खड्डे भरणं, झाडं लावणं, पाणी अडवणं यांवर राहिला आहे. त्यात आणखी एक प्रकरण जोडावं, अशी मागणी खाणपट्ट्यातल्या लोकप्रतिनिधींनी आणि युनियनांनी आतापासून करायला हवी. वसाहतीतलं वाचनालय कुणाच्या पैशावर चालतं, कोणत्या खेळाच्या संघाला मैदान कंपनीनं दिलं आहे, गणेशोत्सव, दुर्गापूजा आणि नाटकमंडळी यांची वर्गणी पगारातून कशी जमते, पतपेढीवर किती घरं उभी आहेत, याची नोंद खाण चालू असताना व्हावी. त्यातल्या टिकवण्याजोग्या संस्थांसाठी एस्क्रोतला ठराविक भाग राखून ठेवावा आणि तो कामगारांच्याच समितीच्या हाती असावा. हे काम शेवटच्या वर्षावर ढकललं तर क्वार्टर्स रिकाम्या होऊ लागलेल्या असतात आणि ही माहिती देणारी कुटुंबं आपापल्या गावी निघून गेलेली असतात.