पहिल्या मालकाची हौस

इंग्लंडातल्या रेडिंगहून एका वाचकाने या आठवड्यात दोन गाड्यांचे तपशील पाठवले आहेत. दोन्ही फेरारी एफ430, दोन्ही 2005 च्या. लाल गाडीत आतबाहेर कार्बन फायबर, कार्बनच्याच रेसिंग सीट, सिरॅमिक ब्रेक, पिवळे कॅलिपर, पुढच्या मडगार्डांवर घोड्याच्या ढाली, स्टिअरिंगमागच्या पॅडलने चालणारा एफ1 गिअरबॉक्स आणि आजवर अवघे 9,000 मैल. निळीत साध्या चामडी सीट, लोखंडी डिस्क, 38,000 मैल आणि हाताने टाकायचे सहा गिअर. महाग आहे ती निळी, आणि तीही तीस हजार पौंडांनी. एजंटाचा सल्ला असा की निळीत काहीच नाही, लालमध्ये सगळं लागलेलं आहे आणि वर ती स्वस्तही आहे.

हा सल्ला वांद्र्यापासून बाणेरपर्यंत ऐकून कान किटले होते. फेरारीचा बाजार जिथे आपल्याहून कितीतरी जुना आणि शहाणा आहे, त्या देशातही तोच ऐकू यावा याचा वैताग आला. त्यात आमचे वाचक त्याला भुलू लागले आहेत. ‘जिच्यात काही नाही ती महाग कशी?’ असं त्यांनी विचारलंय. या स्तंभाचा नियमित वाचक असं विचारतो म्हणजे माझंच लिहिणं वाया गेलं म्हणायचं.

नव्या गाडीच्या पर्यायांच्या यादीवर खुणा करतो तो पहिला मालक. शोरूमची कॉफी त्याच्या हातात असते, मित्राच्या गाडीत काय काय आहे हे डोक्यात असतं आणि तीन वर्षांत ही विकून पुढची घ्यायची हे मनात पक्कं असतं. वीस वर्षांनंतर यातलं काय चालू राहील याची चिंता त्याने का करावी? ती चिंता तुमची. म्हणून जुनी सुपरकार घेताना यादीतल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे म्हातारं होतं का? कार्बनचे तुकडे, ढाली, कॅलिपरचा रंग हे सगळं पहिल्या मालकाच्या हौसेचं बिल आहे, ते त्याने भरलंय. तुम्ही मोल करायचं ते गिअरबॉक्सचं.

1989 च्या ब्राझील ग्रांप्रीत नायजेल मॅन्सेलने फेरारी 640 पहिल्याच शर्यतीत जिंकून दाखवली. पॅडलने गिअर बदलणारी ती पहिली फॉर्म्युला वन गाडी, जॉन बर्नार्डच्या डोक्यातून आलेली. आठ वर्षांनी, 1997 मध्ये, फेरारीने ते तंत्र रस्त्यावरच्या एफ355 मध्ये आणलं, मग 360 मोडेनात आणि 2004 मध्ये एफ430 मध्ये. हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नव्हे, हे पुन्हा एकदा सांगतो. आतली दातेरी चाकं मॅन्युअलचीच, क्लचही एकच. तो दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम मात्र तुमच्या हातापायाऐवजी हायड्रॉलिक तेलाचा दाब करतो, आणि कधी करायचं ते कंट्रोल युनिट ठरवतं. एफ430 मध्ये गिअर 150 मिलिसेकंदांत बदलतो असा फेरारीचा दावा होता. त्यासाठी नव्या गाडीवर काही हजार पौंड जादा पडत आणि बहुतेक गिऱ्हाइकांनी ते हसत मोजले. हाताने गिअर टाकायच्या दांड्याची गाडी घेणारा तेव्हा एक तर जुन्या वळणाचा ठरे, नाही तर चिकट.

मग 2009 मध्ये 458 इटालिया आली, दोन क्लचचा सात गिअरांचा बॉक्स घेऊन. तिच्यात पुढचा गिअर आधीच लागून तयार असतो, बदल झाला हे कानाला कळतं, मानेला कळत नाही. त्या दिवसापासून एफ1 बॉक्सला वाली उरला नाही. ज्याला वेग हवा त्याच्यासाठी 458 होती. ज्याला हातपाय चालवायचे होते त्याच्यासाठी दांड्याची एफ430 होती. मधल्याच्या हाती धुपाटणं आलं.

रेडिंगच्या वाचकाने आता लाल गाडी शहरात चालवून पाहावी. ऑटो मोडमध्ये पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना एक क्षण गाडी विचारात पडते आणि बसलेल्या माणसाची मान पुढे जाऊन मागे येते. पाय थोडा सैल केला तर हे कमी होतं, पण हे फार थोडे मालक शिकतात. सिग्नलला इंचाइंचाने सरकताना, चढावर रिव्हर्स घेताना, पार्किंगमध्ये मागेपुढे करताना क्लच अर्धवट धरलेला राहतो आणि घासतो. मॅन्युअलचा क्लचही घासतोच, पण तो तुमच्या पायाला कळतो आणि चांगला चालवणारा त्याला पुष्कळ वर्षं पुरवतो. एफ1 मध्ये क्लच संपत आल्याचं पायाला कळायचा प्रश्नच नाही, कारण तिथे पेडलच नाही. गाडी कंपनीच्या तपासणी यंत्राला जोडली की क्लच किती टक्के संपला ते दिसतं. तारखेसह तो आकडा कागदावर मिळाल्याशिवाय बयाणा देऊ नका. शिवाय गिअरबॉक्सचा हायड्रॉलिक पंप आणि त्याचा रिले ही या गाड्यांची ओळखीची दुखणी. पंप कधी बदलला, बिल कुठे आहे, हेही विचारा.

माझा एक ठाम समज आहे, पुरावा मागू नका: एफ1 वाल्या दहातले नऊ मालक गाडी कायम ऑटोवर ठेवतात आणि पॅडल फक्त शेजारी कोणी बसलं की ओढतात. लाल गाडीचे 9,000 मैल म्हणूनच मला गोड वाटत नाहीत. वीस वर्षांत 9,000 म्हणजे वर्षाला साडेचारशे. रेडिंगहून ग्लासगोला जाऊन यायलाही ते पुरायचे नाहीत. मग हे मैल झाले कुठे? हॉटेलच्या दारात, प्रदर्शनाच्या रांगेत, गॅरेजच्या उतारावर, म्हणजे नेमके जिथे क्लच मरतो तिथे. कमी चाललेल्या गाडीबद्दल माझं मत पाठ असलेल्यांनी पुढची दोन वाक्यं गाळावीत. न चालवलेल्या गाडीचे सील सुकतात, टायर झिजण्याआधीच कडक होतात, बॅटरी मरते. पेटीत जपलेल्या सुपरकारला मी गुंतवणूक म्हणत नाही, लांबणीवर टाकलेलं दुरुस्तीचं बिल म्हणतो.

निळीकडे या. धातूच्या पट्टीत कोरलेल्या खाचा, त्यातून फिरणारी दांडी आणि प्रत्येक गिअरला होणारा खटका. ही गाडी हळू आहे, निर्विवाद. कोणाच्याही हाताला 150 मिलिसेकंद जमत नाहीत. पण 490 अश्वशक्तीच्या, चार सेकंदांत ताशी शंभर किलोमीटरवर पोचणाऱ्या गाडीत गिअरला अर्धा सेकंद जादा लागला तर ताशी 70 मैलांची मर्यादा असलेल्या मोटरवेवर कोणाचं काय अडणार? वेग दर पाच वर्षांनी शिळा होतो. आज एखादी बऱ्यापैकी इलेक्ट्रिक गाडीही सिग्नलवरून एफ430 च्या पुढे निघून जाते. दांडीला कोणाशी शर्यतच लावायची नसल्यामुळे ती हरत नाही. कंट्रोल युनिटच्या चुका म्हाताऱ्या होतात, खटका होत नाही.

‘मग एफ1 बॉक्स वाईटच का?’ असं विचारणारं पत्र येणारच, म्हणून आधीच लिहितो: नाही. 2007 मध्ये आलेली 430 स्कुदेरिया घ्या. शंभर किलो हलकी, 510 अश्वशक्ती, गिअर बदलायला 60 मिलिसेकंद. ती मॅन्युअलमध्ये कारखान्यातून आलीच नाही आणि तिच्या बाबतीत कोणी दांडी मागत नाही. कारण ती संपूर्ण गाडीच 8,000 च्या पुढच्या फेऱ्यांवर, पॅडल ओढत पळवायला बांधली आहे आणि तिथे तो धक्का तिला शोभतो. साध्या एफ430 मध्ये तोच धक्का भाजी आणायला जाताना बसतो. एकच पर्याय एका गाडीत बरोबर आणि दुसरीत चूक असू शकतो, हे ‘सगळं लागलेलं’ वाल्यांच्या यादीत मावत नाही.

यातला विनोद असा की दांडी फेरारीने काढून घेतली नाही, गिऱ्हाइकांनीच सोडली. 2008 च्या ‘कॅलिफोर्निया’ या गाडीत ती पर्याय म्हणून ठेवली होती, घेणारे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. 458 मध्ये ती नव्हतीच. आज त्याच वर्गातली मंडळी तीच दांडी मिळावी म्हणून तीस-तीस हजार पौंड जादा मोजतात आणि जुन्या काळच्या नावाने उसासे टाकतात. पोर्शेने हा धडा लवकर घेतला. 2013 ची जीटी3 त्यांनी फक्त दोन क्लचच्या पीडीके गिअरबॉक्सवर आणली, आरडाओरडा झाला, 2016 मध्ये फक्त मॅन्युअल असलेल्या 911 आरच्या 991 गाड्या काढल्या, त्यांच्या किमती आकाशाला भिडल्या आणि 2017 च्या जीटी3 मध्ये दांडी परत आली.

किमतीतला हा फरक पाहून काही गॅरेजांनी एफ1 गाड्या मॅन्युअल करून द्यायला सुरुवात केली आहे. काम चांगलं झालं असेल तर चालवायला मजा येते, पण ती कारखान्याची मॅन्युअल नव्हे आणि तिला तो भाव द्यायचा नाही. चासी नंबरवरून गाडी कारखान्यातून कशी निघाली हे अधिकृत डीलरकडून लेखी घ्या. वीस वर्षं उलटलेल्या गाडीला फेरारीच्या क्लासिके विभागाचं प्रमाणपत्र मिळू शकतं. 2005 ची गाडी आता त्यात बसते.

बाकीच्या ओळी झटपट. सिरॅमिक ब्रेक रस्त्यावर पुष्कळ टिकतात, ट्रॅकवर तापून जळतात आणि चाक काढताना कोणी निष्काळजीपणा केला तर त्यांच्या कडा उडतात. त्यांची झीज डिस्कच्या वजनावरून कळते, किमान वजन डिस्कवरच कोरलेलं असतं. चारही बदलायची वेळ आली तर बिल हजारो पौंडांचं. लोखंडी डिस्क त्यापुढे किरकोळीत मिळतात आणि रोजच्या चालवण्यात काही कमी पडत नाही. कार्बनच्या सीट पहिल्या मालकाच्या कंबरेच्या मापाने आलेल्या असतात. तुमची कंबर तिथे बसते का हे पैसे देण्याआधी अर्धा तास बसून पाहा. आतली रबरी मुलाम्याची बटणं या काळातल्या फेरारींमध्ये चिकट होतात. ती नव्याने करून मिळतात, घाबरू नका, पण किंमत पाडायला वापरा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडे जातात, थंड इंजिन सुरू करून टिकटिक येते का ते ऐका. रंग पसंतीचा घ्या, पण आतला आधी, कारण गाडीत बसल्यावर बाहेरचा तुम्हाला दिसत नाही. इंजिन मात्र एफ430 चं निवडलंत हे उत्तम केलंत. एफ355 चे टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं. एफ430 मध्ये बेल्टच नाहीत, साखळी आहे.

पत्राच्या शेवटी गाडी पुढे मुंबईला आणता येईल का असंही विचारलंय. सर्वसाधारण नियमाने नाही. बाहेरून आणायची वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही, उजव्या हाताचं स्टिअरिंग लागतं आणि ती मुंबई बंदरातूनच यावी लागते. एफ430 चं उत्पादन 2009 मध्येच थांबलं. म्हणजे इथल्या हौशी माणसाने इथे आधीच आलेल्या गाड्यांतूनच निवडायचं, आणि त्यात दांडी मिळणं दुर्मीळ. इथे माझ्या यादीत पहिलं नाव नाक उचलणाऱ्या लिफ्टचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितला आहे. आपल्या सोसायट्यांचे चेअरमन उंची पाळत नाहीत आणि रुंदी विसरतात. लिफ्ट नसलेली लॅम्बोर्गिनी हुराकान पुण्यात घेणाऱ्याने सोबत बंपरही दोन घ्यावेत.

आणि स्पेसिफिकेशनच्या वरही एक गोष्ट असते. 2002 मध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाखरच्या हातून सचिन तेंडुलकरला 360 मोडेना मिळाली, 2011 मध्ये ती सुरतेला विकली गेली. तिच्यात कोणत्या सीट होत्या हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही. असा मालक तुमच्या गाडीला लाभलेला नसेल तर गिअरबॉक्स आणि बिलांची फाइल यांवरच भागवावं लागतं.

तेव्हा रेडिंगकरांनो, निळी घ्या. 38,000 मैलांची बिलं सलग असतील तर तीस हजारांचा फरक योग्य आहे आणि विकताना त्यातला बराचसा परत येईल. तेवढे पैसे जमत नसतील तर लालचा नाद सोडा आणि क्लच व पंप नुकतेच बदललेली, भरपूर चाललेली, साध्या सीटची एखादी एफ1 गाडी शोधा. ती लालपेक्षाही स्वस्त मिळेल. उरलेल्या पैशांत पेट्रोल भरा आणि ऑटोचं बटण विसरून जा.