झाकलेली सर्व्हिस

नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या मराठी माणसाला पहाडगंज ठाऊक असते ते नवी दिल्ली स्थानकामुळे, नूतन मराठी शाळेमुळे किंवा बृहन्महाराष्ट्र भवनामुळे. माझ्या पहाडगंजात दोन वर्षांपूर्वी एका गल्लीतील टेबल टेनिसच्या टेबलाची भर पडली. डॉक्टरांनी चालावयास सांगितले होते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्याने मी कमी वेळात अधिक घाम गाळण्याचा पर्याय निवडला.

कार्यालयात मला कोणी हरवत नाही; ते तेथील शिष्टाचारात बसत नाही. येथे रेल्वेतून निवृत्त झालेले एक मराठी कारकून मला नेमाने हरवतात. आरंभी माझी एकच हुकमी सर्व्हिस होती : डावा हात आड धरून चेंडू झाकावयाचा. तीन-चार गुण त्यावर सहज मिळत. एके सायंकाळी त्यांनी बॅट खाली ठेवली. म्हणाले, "साहेब, चेंडू दिसत नाही. ही सर्व्हिस चालत नाही."

ते खरेच होते. चेंडू उघड्या तळहातावरून किमान 16 सेंटिमीटर वर उडवावा आणि प्रतिस्पर्ध्याच्या दृष्टीआड करू नये, असा नियम आहे. झाकण्यावरील बंदी 2002 मधील. योगायोग असा, की महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा वटहुकूम काढला तोही त्याच वर्षी. केंद्राचा कायदा 2005 मध्ये आला. असो.

त्या रात्री मला माझीच एक नोंद आठवली. दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण होते. नावातील एका अक्षराची तफावत. निर्णय माझ्याच अखत्यारीतला. मी फाइलवर लिहिले होते, "चर्चा करावी." फार सोयीचे शब्द आहेत हे. होकार नाही, नकार नाही, कारण नाही; कागदावर अधिकारी मात्र जागरूक दिसतो. चर्चा कधी झालीच नाही. चार महिने फाइल पडून राहिली. त्या बाईंनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला असता, तरी त्यांच्या हाती तेवढेच दोन शब्द आले असते.

दुसऱ्या दिवशी फाइल मागवली. प्रतिज्ञापत्र घेऊन मंजुरी द्यावी, अशी सकारण नोंद केली. वीस मिनिटे लागली. लेखा शाखेने एक आक्षेप काढला, त्यालाही लेखी उत्तर दिले. निवृत्तिवेतन थकबाकीसह सुरू झाले. मधले चार महिने घर कसे चालले, हे मी त्या बाईंना विचारले नाही. विचारावयास हवे होते.

सर्व्हिस आता उघडी करतो. 2001 पासून गेम 21 ऐवजी 11 गुणांचा झाला असल्याने सावरण्यास फारसा अवसर मिळत नाही. काल 11-4 असा हरलो. "आज चेंडू दिसला, साहेब," एवढेच ते म्हणाले आणि दुसऱ्या गेमसाठी बाजू बदलून उभे राहिले.