जीएसटीची नोटीस आणि सम्मासती

पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात तो आळेफाटा आता निव्वळ एस.टी. बदलण्याचा फाटा राहिलेला नाही. कांद्याचा बाजार आहे, रात्रंदिवस गाड्यांची वर्दळ आहे आणि या वर्दळीत आपल्या वस्त्यांतली मुलेही उतरली आहेत. कुणी टेम्पो घेतला, कुणी वेल्डिंगचे दुकान टाकले, कुणी खानावळ. स्वतःच्या पायावर उभी राहणारी ही मुले आम्हाला चळवळीचाच भाग वाटतात. पण वकील म्हणून त्यांचे जे कागद आमच्यासमोर येतात, ते पाहून काळजी वाटते.

कांदा-टोमॅटो वाशीला नेणाऱ्या एका टेम्पोमालकाचेच पाहा. कर्जासाठी जीएसटी नंबर लागतो असे कुणीतरी सांगितले. याने आधार-पॅन दिले, नंबर निघाला. वास्तविक शेतमालाच्या वाहतुकीला जीएसटी माफ आहे. तेवढाच धंदा करणाऱ्यावर नोंदणीची सक्तीही नाही. परंतु एकदा नंबर घेतला की उलाढाल शून्य असली तरी विवरणपत्र भरावेच लागते. न भरल्यास दिवसाला 20 रुपये, एका विवरणपत्रामागे 500 रुपयांपर्यंत विलंब शुल्क. दरमहा भरणाऱ्याचे वर्षाला 6,000 झाले. नोंदणी रद्द झाली म्हणूनही सुटका नाही, 3 महिन्यांत अंतिम विवरणपत्र द्यावे लागते. या मुलाला यातले काहीच ठाऊक नव्हते. नोटिसा पोर्टलवर आणि ई-मेलवर जातात. आणि नोंदणीत ई-मेल, मोबाईल दोन्ही फॉर्म भरून देणाऱ्याचे होते!

हल्ली माइंडफुलनेस या नावाने मोठ्या कंपन्यांत तासभर डोळे मिटून बसण्याचे वर्ग चालतात. ती आपलीच सती. ध्यानाला आमचा विरोध नाही, पण तथागतांनी गृहस्थाला जागरूकता सांगितली ती बाजारातलीही. कोलियपुत्र दीघजाणूने संसारी माणसाच्या सुखाचा मार्ग विचारला, तेव्हा त्यांनी उद्योग, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्यांची संगत आणि समजीविता, म्हणजे आय-व्ययाचा मेळ, या चार गोष्टी सांगितल्या. सोनाराने तराजू धरावा तसा हिशेब धरायला सांगितला. आपली उधारी किती, कर किती, घरखर्च किती, हे ज्याला माहीत नाही त्याची सती कुठे आहे?

आणि व्यापार आपल्याला नवा आहे, हे आम्ही मान्य करत नाही. जुन्नरच्या लेण्यांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने दान दिल्याचा शिलालेख आहे. बुरूडकाम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचीही नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांच्या संघटनेकडे लोक विश्वासाने पैसा ठेवत, आणि तो व्यवहार दगडात कोरून ठेवत. नाणेघाटातला दगडी रांजण तर जकातीचाच म्हणून सांगितला जातो.

मधल्या काळात ही पेढी आपल्या हातून कुणी काढून घेतली, हे वाचकांना सांगायला नको. बाबासाहेब 1917 साली परदेशातून परतल्यावर त्यांनी मुंबईत शेअर्सबाबत सल्ला देणारी फर्म काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेना आणि ती बंद करावी लागली. अर्थशास्त्राच्या एवढ्या मोठ्या अभ्यासकाची ही गत! म्हणून आपल्या मुलांच्या अपयशाचे सगळे खापर आम्ही त्यांच्या माथी मारणार नाही. भांडवल नाही, तारण नाही, हिशेब शिकवणारा मामा-काका घरात नाही. जात बघून माल न घेणारे गिऱ्हाईक आजही आहे, त्याच्याशी लढाई चालूच राहील. पण जी चूक आपल्या हातात आहे ती शत्रूला का द्यायची? जयंतीच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब आपण फलकावर लावतो, तो लागला नाही तर भांडतोही. दुकानाचा मात्र खिशात ठेवतो.

विवरणपत्र भरले नाही तर अधिकारी अंदाजाने कर ठरवतो. तो आदेश बजावल्यापासून 60 दिवसांत विवरणपत्र भरून कर, व्याज व विलंब शुल्क चुकते केले तर आदेश मागे घेतल्याचे मानले जाते. हे 60 दिवस दुसऱ्याच्या ई-मेलमध्ये वाया जातात. दुसऱ्याच्या कागदांवर बनावट फर्म काढून बिले फाडणारेही आहेत. तपास आधी येतो तो ज्याचे आधार त्याच्याच दारात.

तेव्हा रविवारी विहारात वंदनेला येणाऱ्या धंदेवाल्या तरुणांनी मोबाईल आणि पॅन कार्ड सोबत आणावे. वंदना झाल्यावर आम्ही बसतो. नोंदणीवर नंबर कुणाचा आहे आणि ओटीपी कुणाकडे जातो, ते आधी पाहू.