गोल्फचा खेळ आणि बक्षिसांची थैली

स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथें १८६० सालीं ८ धंदेवाईक खेळाडूंनीं एका दिवसांत गोल्फचा जो सामना खेळला, त्यांतूनच पुढें 'ओपन' ही जगद्विख्यात स्पर्धा उदयास आली. त्या दिवशीं विजयी झालेल्या विली पार्क यास पैसा म्हणून कांहींच मिळाला नाहीं. तांबड्या मोरोक्को कातड्याचा एक पट्टा, एवढेंच त्याचें भूषण. विजेत्यास रोख रक्कम देण्याचा प्रघात १८६४ सालीं पडला व त्या वर्षीं टॉम मॉरिस यास ६ पौंड मिळाले. उलट २०२५ सालीं अमेरिकेंतील ऑगस्टा येथें मास्टर्स स्पर्धा जिंकणाऱ्या रोरी मॅकिलरॉय यास ४२ लक्ष डॉलर मिळाले. बक्षिसाच्या या वाढीबरोबर खेळाचें अंतरंगही पालटत आहे काय, हा प्रश्न वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनीं गोल्फची काठी हातांत धरलेली नसेल. मग ही उठाठेव कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, हें वादळ आमच्या दारापासून वाटतें तितकें दूर नाहीं. पुण्यास जन्मलेला अनिर्बन लाहिरी हा २०२२ च्या मार्च महिन्यांत 'प्लेयर्स' या मोठ्या स्पर्धेंत दुसरा आला आणि त्याच वर्षीं जुनी संस्था सोडून नव्या लीगला मिळाला. शिवाय जो प्रश्न गोल्फपुढें आला, तो क्रिकेटपुढें पूर्वींच येऊन गेला आहे, आणि २०१४ पासून कबड्डीच्या मैदानांतही लीगचा पैसा खेळूं लागला आहे.

प्रथम घडलेली हकीकत थोडक्यांत सांगतों. अमेरिकेंतील धंदेवाईक गोल्फचीं सूत्रें 'पीजीए टूर' या संस्थेच्या हातीं आहेत. ही संस्था आज जुनी म्हणून मिरवीत असली, तरी तिचा जन्मही बंडांतूनच झालेला आहे. १९६८ सालीं जॅक निक्लॉस प्रभृति खेळाडू, क्लबांवर गोल्फ शिकविणाऱ्या शिक्षकांच्या संघटनेंतून फुटून निघाले. कारण सामन्यांच्या व्यवस्थेवर व उत्पन्नावर त्यांस आपला हक्क हवा होता. पुढें १९९४ सालीं ऑस्ट्रेलियाचा ग्रेग नॉर्मन यानें निवडक खेळाडूंच्या जागतिक दौऱ्याची कल्पना मांडली. ती त्या वेळीं फसली. परंतु २०२२ सालीं सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या पाठबळावर त्याच नॉर्मनच्या नेतृत्वाखालीं 'लिव्ह गोल्फ' ही लीग उभी राहिली. तिच्या नांवांतील तीन रोमन अक्षरें मिळून ५४ हा आंकडा होतो. चार दिवसांत ७२ खळग्यांऐवजीं तीन दिवसांत ५४ खळगे. खेळाडू अवघे ४८. सर्वांनीं एकाच वेळीं निरनिराळ्या खळग्यांपासून प्रारंभ करावयाचा. आणि मध्येंच कोणी गळावयाचा नाहीं, असे तिचे मूळचे नियम होते. पहिला सामना त्या वर्षींच्या जून महिन्यांत लंडनजवळ झाला. त्याची थैली अडीच कोटी डॉलरची होती. विजेता चार्ल श्वार्टझेल यास वैयक्तिक व सांघिक मिळून ४७ लक्ष ५० हजार डॉलर मिळाले, आणि सर्वांत शेवटीं आलेल्या खेळाडूसही १ लक्ष २० हजार डॉलर मिळाले.

फिल मिकेल्सन, डस्टिन जॉन्सन, ब्रूक्स केप्का, ब्रायसन डीशॅम्बो असे नामांकित खेळाडू तिकडे गेले. २०२३ च्या अखेरीस जॉन राहमही गेला. जुन्या संस्थेनें जाणाऱ्यांस आपल्या सामन्यांतून दूर केलें. त्यांच्यापैकीं ११ जणांनीं २०२२ च्या ऑगस्टमध्यें न्यायालयाची पायरी चढली. मात्र केवळ बंदीनें माणसें टिकत नाहींत, हें जाणून संस्थेनें आपलीही थैली सैल केली. 'प्लेयर्स' स्पर्धेची एकूण रक्कम २०१९ सालीं सव्वा कोटी डॉलर होती, ती २०२३ सालीं अडीच कोटी झाली. २ कोटी डॉलरच्या निवडक स्पर्धा निघाल्या. २०२४ च्या आरंभीं धनिकांच्या एका मंडळानें संस्थेच्या नव्या व्यापारी कंपनींत ३०० कोटी डॉलरपर्यंत भांडवल घालण्याचें ठरविलें, आणि सुमारें २०० खेळाडूंस त्या कंपनींत भागीदारी देण्याचें जाहीर झालें.

आतां खेळाडूंची बाजू प्रथम मांडणें न्यायाचें होईल. पैसा मागणारा खेळाडू लोभी, असें म्हणणें सोपें आहे. पण पूर्वीं धंदेवाईक गोल्फपटूस कसें वागविलें जाई, हें ध्यानांत घ्यावें. १९२० सालीं इंग्लंडांत डील येथें ओपन स्पर्धेच्या वेळीं धंदेवाईकांस क्लबगृहांत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. तेव्हां वॉल्टर हेगन या अमेरिकन खेळाडूनें भाड्याची आलिशान मोटार दाराशीं उभी केली व तींतच तो कपडे बदलूं लागला. ज्याच्या कौशल्यावर सामन्याची शोभा, त्यालाच नोकराप्रमाणें बाहेर उभें करावयाचें, ही रीत कांहीं सद्गुणाची नव्हती. खेळाडूची उमेद थोड्या वर्षांची असते; हात एकदां थरथरूं लागला कीं उत्पन्न आटतें. आणि सर्व सामने एकाच संस्थेच्या मुठींत असले, म्हणजे ती देईल तें घ्यावें लागतें. स्पर्धक उभा राहतांच चार वर्षांत थैली दुप्पट होते, यावरून पूर्वीं खेळाडूंस पुरता वांटा मिळत नव्हता, असा तर्क कोणी केल्यास त्याला दोष देतां येणार नाहीं.

क्रिकेटचा दाखलाही येथें बोलका आहे. १९७७ सालीं ऑस्ट्रेलियाच्या केरी पॅकर यानें जगांतील उत्तम खेळाडू विकत घेतले म्हणून केवढा गहजब झाला! परंतु दोन वर्षांत, १९७९ सालीं, तडजोड झाली आणि विजेच्या दिव्यांखालील सामने, रंगीत पोशाख व खेळाडूंस बरें वेतन या गोष्टी क्रिकेटच्या अंगवळणीं पडल्या. तेव्हां नवी लीग म्हणजे अनर्थच, असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि पॅकरला आपल्या दूरचित्रवाणीसाठीं प्रेक्षक हवा होता. त्याचा धंदा पाहणाऱ्यांवर अवलंबून होता. लिव्हचा पैसा प्रेक्षकांच्या खिशांतून आला नाहीं. एका राज्याच्या खजिन्यांतून आला. आपल्या राजवटीवरील मानवी हक्कांचे आक्षेप झांकण्यासाठीं सौदी सत्ता खेळाचें आवरण पसरते, अशी टीका पहिल्या दिवसापासून झाली. ज्याला पाहणाऱ्याची गरज नाहीं, त्याला पाहणाऱ्याच्या नाराजीचें भयही राहत नाहीं.

आमचा पहिला आक्षेप मोबदला आधीं आणि परीक्षा नंतर, या पद्धतीवर आहे. जुन्या रीतीप्रमाणें दोन दिवसांच्या खेळानंतर मागें पडलेले गळत व रिकाम्या हातानें घरीं जात. नव्या लीगनें मोठमोठे करार आगाऊ केले, व शेवटच्यालाही भरघोस दिलें. याचा अर्थ त्या खेळाडूंचें कौशल्य लोपलें असा नव्हे. केप्कानें २०२३ ची पीजीए स्पर्धा व डीशॅम्बोनें २०२४ ची यूएस ओपन जिंकून तें सिद्ध केलें आहे. पण ज्या खेळांत हरणाऱ्याचें कांहींच जात नाहीं, तो पाहतांना प्रेक्षकाचा श्वास रोखला जात नाहीं. नव्या लीगलाही हें उमगलें असावें; कारण २०२६ पासून ७२ खळगे खेळविण्याचें तिनें २०२५ च्या नोव्हेंबरांत जाहीर केलें.

दुसरा आक्षेप वचनाविषयीं. २०२२ सालीं जुन्या संस्थेच्या चालकांनीं सौदी पैशाचा धिक्कार केला व निष्ठेचा उपदेश केला. तो मानून अनेकांनीं मोठ्या रकमा नाकारल्या. पुढें ६ जून २०२३ रोजीं त्याच चालकांनीं त्याच निधीशीं हातमिळवणी जाहीर केली, आणि ती वार्ता निष्ठावंत खेळाडूंस सामान्य जनांप्रमाणें वृत्तांतूनच कळली! खटले मागें घेतले गेले. पक्का करार मात्र २०२३ च्या अखेरच्या मुदतींत झालाच नाहीं. जो उपदेश आपण पाळणार नाहीं, तो दुसऱ्यास करूं नये, हा धडा येथें वडिलधाऱ्यांनींही घेण्याजोगा आहे.

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो तरुणांचा आहे. वर बसलेल्यांचीं ताटें मोठीं करतांना पंगतींतील पाटच कमी केले गेले. मोठ्या रकमेच्या निवडक स्पर्धांत सुमारें ७० ते ८० खेळाडूंनाच प्रवेश. वर्षाअखेर कायम राहणाऱ्यांची संख्या १२५ होती, ती २०२६ पासून १०० वर आणण्याचा निर्णय २०२४ सालीं झाला. आणि खालच्या दौऱ्यांतून दरवर्षीं ३० जण वर चढत, त्यांऐवजीं २० चढावेत असें ठरलें. १९१३ सालीं अमेरिकेंतील ब्रुकलाइन येथें फ्रान्सिस विमेट नांवाच्या २० वर्षांच्या हौशी मुलानें व्हार्डन व रे या इंग्लंडच्या दोन दिग्गजांस हरवून यूएस ओपन जिंकली. तो लहानपणीं त्याच क्लबावर लोकांच्या काठ्या वाहत असे. आपल्याकडे १९९१ सालीं इंडियन ओपन जिंकणारा अली शेर हाही दिल्लीच्या क्लबावरील कॅडींतूनच वर आला. अशा मुलांस शिरावयास जी फट लागते, तीच आतां अरुंद होत आहे. थैलीचें वजन वाढलें याचें आम्हांस वैषम्य नाहीं. दार लहान झालें याचें आहे.

आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. खेळाडूस भरपूर मिळावें. परंतु तें मैदानावर कमावलेलें असावें, देणाऱ्याचा हेतु उघड असावा, आणि अनोळखी मुलाला आंत येण्याची वाट मोकळी असावी. या तीन कसोट्यांस जी संस्था उतरेल, ती जुनी असो वा नवी, तिचें आम्ही स्वागत करूं.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, लिलावाच्या आंकड्यांकडे पाहून मुलाच्या हातीं बॅट अथवा काठी देऊं नये. वर सांगितलेल्या रकमा जगांतील मूठभरांच्या आहेत. पण पहांटे उठण्याची संवय, हार पचविण्याची शक्ति व निरोगी शरीर हा लाभ प्रत्येकास होतो.

आणि विद्यार्थिमित्रांनो, गोल्फमध्यें प्रत्येक फटक्यावर नजर ठेवणारा पंच सोबत नसतो. आपली चूक बहुधा आपणच सांगावयाची असते. १९२५ च्या यूएस ओपनमध्यें बॉबी जोन्स याचा चेंडू किंचित् हलला. दुसऱ्या कोणीं तें पाहिलें नव्हतें; तरी त्यानें स्वतःवर एक फटका दंड लावून घेतला. शेवटीं तो बरोबरींत आला आणि जादा सामन्यांत एका फटक्यानें हरला. तो एक फटका त्यानें सांगितला नसता, तर ती स्पर्धा त्याचीच होती. त्या वर्षीं विजेत्यास किती डॉलर मिळाले, हें आज फारसें कोणी विचारीत नाहीं. जोन्सनें सांगितलेला तो एक फटका मात्र गोल्फ खेळणाऱ्या प्रत्येक देशांत मुलांस अजून सांगितला जातो.