सैनिकाचा गाळा आणि गावाची तिजोरी

२०२० साली महाराष्ट्र शासनाने माजी सैनिकांची घरपट्टी माफ करण्याचा निर्णय घेतला. त्यामागचा विचार राहत्या घराचा होता. परंतु पस्तिशी-चाळिशीत सेनेतून परतलेला जवान गावात पिठाची गिरणी किंवा दुरुस्तीचे दुकान काढतो, तेव्हा त्या जागेवरील कराचे काय, हा प्रश्न ओघानेच उपस्थित होतो.

तत्त्वतः नव्या धंद्याला अशी सवलत देणे योग्यच होय. प्राप्तिकर नफ्यावर बसतो. मालमत्ता कर नफा-तोटा पाहत नाही. ज्याला अद्याप नफाच नाही, त्याला प्राप्तिकरातील सूट निरुपयोगी असते. पहिल्या दोन-तीन वर्षांत खरा जाच असतो तो भाडे, व्याज आणि पट्टी यांचा.

तथापि सवलत कोणाच्या पदरात पडते, हे पाहिले पाहिजे. मालमत्ता कर इमारतीवर आहे. हमरस्त्यावर स्वतःची इमारत असणाऱ्याला मोठी सूट मिळेल. भाड्याच्या गाळ्यात बसलेल्या अल्पभूधारकाच्या मुलाला काहीच मिळणार नाही. जागामालक पट्टी भाड्यातून वसूल करीतच राहील. म्हणून भाडेकरू सैनिकाला तेवढीच रक्कम अनुदान म्हणून थेट मिळावी, आणि सवलत पहिल्या काही वर्षांपुरतीच असावी.

दुसरा प्रश्न खर्चाचा. जकात गेली आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. आता स्थानिक संस्थांच्या हाती स्वतःचे म्हणून मुख्यतः हेच उत्पन्न उरले आहे. गावची दिवाबत्ती आणि सफाई त्यावरच चालते. सातारा जिल्ह्यातील अपशिंग्यासारख्या, घरोघरी सैनिक असलेल्या गावाला या माफीची झळ सर्वांत जास्त बसेल. ज्या गावाने देशाला अधिक जवान दिले, त्याच्याच तिजोरीला अधिक भोक पडावे, हा न्याय नव्हे. संरक्षण हा राज्यघटनेच्या संघसूचीतील पहिलाच विषय आहे. कृतज्ञता राष्ट्राची असेल, तर तिचे बिल ग्रामपंचायतीच्या नावे फाडता येणार नाही. भरपाई केंद्रानेच दिली पाहिजे.

आणि सर्वांत मोठी विसंगती पुढेच आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होतात. इतरांनी सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी घेऊन घरी परतायचे, निवृत्तिवेतनाविना. या निधीतून धंदा उभारा, असे त्यांना सांगितले जाते. परंतु योजनेच्या अटींनुसार त्यांना माजी सैनिकाचा दर्जाच नाही. म्हणजे ज्याला धंद्याखेरीज फारसा आधार नाही, नेमका तोच अशा प्रत्येक सवलतीच्या व्याख्येबाहेर राहतो.

सैनिकांविषयीचा आदर भाषणांत अमाप दिसतो. त्याची कसोटी मात्र या व्याख्येत लागेल. कार्यकर्त्यांनी ग्रामसभांतून तीन मागण्या मांडाव्यात : भाडेकरूलाही लाभ, स्थानिक संस्थांना पूर्ण भरपाई, आणि चार वर्षे सेवा केलेल्या प्रत्येकाचा समावेश. यांवाचून दिलेली माफी म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून केलेले दान ठरेल.