'तात्पुरता' हा एक शब्द

माझे एक स्नेही कापडाचे घाऊक व्यापारी आहेत, वय बावन्न. खतावणी पाहताना चष्मा डोळ्यावर, गिऱ्हाईक आले की कपाळावर, आणि तो सापडत नाही म्हणून दिवसातून दोनदा नोकरावर राग. लेसर नाही, पाते नाही, अशी डोळ्याची एक शस्त्रक्रिया असल्याचे अमेरिकेतील चिरंजीवांनी त्यांना कळविले. "साहेब, करून टाकू का?" असे विचारीत ते गेल्या महिन्यात माझ्याकडे आले. मी डॉक्टर नव्हे. परंतु कागद बारकाईने वाचण्याची बँकेतील सवय अद्याप सुटलेली नाही.

या शस्त्रक्रियेचे नाव कंडक्टिव्ह केराटोप्लास्टी. दूरदृष्टितेत प्रकाशकिरण डोळ्यातील पडद्याच्या मागे एकत्र येऊ पाहतात. त्यांना पुढे आणण्यासाठी बुबुळावरील पारदर्शक पटलाला, म्हणजे कॉर्नियाला, मध्यभागी थोडा अधिक बाक द्यावा लागतो. थेंब घालून डोळा बधिर करतात आणि केसासारख्या बारीक सुईने कॉर्नियाच्या कडेला वर्तुळाकार ८ ते ३२ ठिकाणी रेडिओलहरींची ऊर्जा देतात. तेथील तंतू उष्णतेने आकसतात, कडा नाडीसारखी आवळली जाते आणि मध्यभाग वर येतो. काम काही मिनिटांचे. कापून काढायचे काहीच नसते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चाळिशी गाठलेल्यांच्या सौम्य दूरदृष्टितेसाठी तिला २००२ साली मान्यता दिली, तर वाचनाच्या सोयीसाठी, तीही एकाच डोळ्यावर, २००४ साली. आमच्या स्नेह्यांना दूरचा नंबर नाही. त्यांना लागू पडते ती दुसरी. तिच्या मान्यतेतच 'तात्पुरता' असा शब्द आहे. माझे बोट तेथे थांबले. आकसलेल्या तंतूंचा परिणाम वर्षागणिक ओसरत जातो. शिवाय चाळिशीचे मूळ कॉर्नियात नाहीच. ते आतील भिंगात आहे, आणि भिंग तर वयाबरोबर ताठर होतच राहते. पुढे मोतीबिंदू यायचा तो येतोच.

आणखी एक अडचण. एका डोळ्याने जवळचे व दुसऱ्याने दूरचे पाहण्याची सवय मेंदूला लावावी लागते, आणि रात्री वाहन चालविताना ती काहींना जड जाते. आमचे स्नेही दुकान वाढवून रात्री स्वतःच गाडी चालवीत घरी जातात! यावर उपाय सोपा आहे. एका डोळ्यात तशाच नंबरची कॉन्टॅक्ट लेन्स घालून काही दिवस राहून पाहावे. न जमल्यास लेन्स काढता येते. पेसमेकर बसविलेल्यांनी मात्र या वाटेला जाऊच नये.

त्यांनी खर्च विचारला. मी म्हणालो, "शेठजी, आधी मुदत विचारा." वहीच्या मागच्या पानावर त्यांनी तेवढे टिपून घेतले. नेत्रतज्ज्ञांची वेळ येत्या गुरुवारची मिळाली आहे.