डेट्रॉइट म्हणता, मग तुलनाही करा

चाकणला 'पूर्वेचं डेट्रॉइट' म्हणण्याची हौस ज्या पुढाऱ्यांना आहे, त्यांनी डेट्रॉइटचं पुढे काय झालं हे वाचलेलं दिसत नाही. (चेन्नईवालेही स्वतःला तेच म्हणवतात. या किताबाला उमेदवार बरेच.) १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्तीचं ते शहर २०१० पर्यंत जेमतेम सात लाखांवर आलं आणि १८ जुलै २०१३ रोजी त्याने चक्क दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या दिवशी आपल्या चाकणला बजाज ऑटोचे कामगार संपावर होते. तरी आजतागायत एकाही कोनशिलेच्या भाषणात या दोन बातम्या शेजारी बसलेल्या मी ऐकल्या नाहीत. अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायचं तर दुसरं अर्धं झाकूनच ठेवावं लागतं.

पुढाऱ्यांचं सोडा, त्यांचा धंदाच तो आहे. या औद्योगिक पट्ट्यात राज्यशास्त्र शिकवणारे आम्ही मास्तर काय करतो? 'तुलनात्मक राजकारण' नावाचा पेपर शिकवतो. पहिलं प्रकरण ब्रिटन, दुसरं अमेरिका, जमलं तर चीन. ब्रिटनची राज्यघटना अलिखित, अमेरिकेची ताठर, संपलं. राज्यशास्त्रज्ञ रॉय मॅक्रिडिसने १९५५ मध्येच तक्रार केली होती की हा विषय नावापुरता तुलनात्मक आहे, देशामागून देशाची वर्णनं होतात आणि तुलना होतच नाही. सत्तर वर्षं झाली. आम्ही त्याचं नाव गाईडमध्ये घातलं, दोन गुणांची टीप केली आणि वर्णनं चालूच ठेवली.

वास्तविक या विषयाचं काम एका वाक्यात सांगता येतं: बरंच काही सारखं असूनही इथे असं आणि तिथे तसं का घडलं, याचं कारण शोधणं. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये त्याची रीत मांडली. राज्यशास्त्रज्ञ लायपहार्टने १९७१ मध्ये तिची खरी अडचण सांगितली: उदाहरणं थोडी आणि संभाव्य कारणं ढीगभर. म्हणून उदाहरणं अशी निवडायची की बहुतेक गोष्टी आपोआप जुळतील आणि फरक मोजकेच उरतील.

अशी उदाहरणं शोधायला लंडनला जावं लागत नाही. तिसरी पाळी करून थेट वर्गात आलेला, कंपनीचा राखाडी शर्ट अंगावर असलेला, मागच्या बाकावर पेंगणारा एक मुलगा माझ्याकडे होता. त्याला विचारलं, तुमच्याकडे युनियन कोणती? तो म्हणाला, "सर, मी नीमचा ट्रेनी आहे. आम्हाला युनियन नसते." (नीम ही कामावर प्रशिक्षण देण्याची सरकारी योजना.) शेजारच्या मशीनवरचा कायम कामगार युनियनचा सभासद आणि हा नाही. काम तेच. यावर परीक्षेत प्रश्न येत नाही, कारण अभ्यासक्रमात चाकण नावाचा देश नाही.

आता फोक्सवॅगन घ्या. कारखाने वोल्फ्सबर्ग, अमेरिकेतलं चॅटानूगा आणि चाकण. मालक एक, गाड्या बनवायची पद्धत बरीचशी एक. जर्मनीत कामगारांनी निवडलेली परिषद कायद्यानेच असते आणि १९७६ च्या कायद्यामुळे दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या. चॅटानूगात गुप्त मतदान. युनियन २०१४ ला हरली, २०१९ ला हरली, २०२४ ला जिंकली. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने मान्यतेची वाट औद्योगिक न्यायालयातून काढली: सहा महिने किमान तीस टक्के सभासद दाखवा. इथे मतपेटीला कामच नाही. एका कंपनीला तीन राज्यसंस्था तीन तऱ्हेने वागवतात. एवढं समोर असताना आम्ही वेस्टमिन्स्टरच्या दोन सभागृहांचे फरक पाठ करून घेतो!

कोणी म्हणेल, देशच वेगळे, मग फरक कायद्यानेच पडला कशावरून? शंका रास्त आहे. मग देश आणि राज्य तेच ठेवा, कायदाही तोच ठेवा. सप्टेंबर १९८९ मध्ये टेल्कोचे (आताच्या टाटा मोटर्सचे) कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले, पोलिसांनी त्यांना मध्यरात्री उचललं आणि त्यांचे नेते राजन नायर यांचा लढा मोडला. २०१३ मध्ये बजाजचा चाकणचा संप पन्नास दिवस चालला. प्रत्येक कामगाराला कंपनीचे पाचशे शेअर एक रुपया दराने द्या, अशीही एक मागणी होती. ती पदरात न पडताच संप मागे घेतला गेला. दोन्ही वेळा मुख्यमंत्री काँग्रेसचाच, आणि दोन्ही वेळा कामगार हरले. पण १९८९ ला सरकारला रस्त्यावर उतरावं लागलं. २०१३ ला उत्पादन चाकणबाहेर हलवण्याचा कंपनीचा इशारा पुरला, मध्यरात्रीच्या धाडीची गरज पडली नाही. माझ्या मते या पट्ट्यातल्या तीस वर्षांच्या राजकारणाची किल्ली या फरकात आहे. लढा सरकारशी असतो तेव्हा शहर साक्षीला येतं, मोर्चा निघतो, आमदाराला तोंड दाखवावं लागतं. लढा दुसऱ्या जिल्ह्यातल्या रिकाम्या शेडशी असेल तर आमदार लेबर कॉन्ट्रॅक्ट आणि भंगाराचे ठेके सांभाळायला मोकळा. माझं चुकत असेल तर वाळूज घ्या, साणंद घ्या, आणि दाखवा.

पण ते दाखवायला गेटवर जावं लागेल. पीएच.डी.च्या एका उमेदवाराला मी हा विषय सुचवला, तर तो म्हणाला, "सर, कंपनी आत सोडत नाही, डेटा मिळणार नाही." औद्योगिक न्यायालयातले दावे बाहेरच असतात. माणसंही पाळी सुटल्यावर बाहेरच येतात. त्याने शेवटी 'भारत व ब्रिटन : संसदीय पद्धतीचा तुलनात्मक अभ्यास' हा विषय घेतला आणि तो मंजूरही झाला.